सोनं धुवायच्या नालीत मॅट कोणती टाकायची आणि कशी वापरायची (नवीन लोकांसाठी)

दिवाळीपासून पाच-सहा पोट्ट्यांचे फोन आले, दादा स्लूस बॉक्स (सोनं धुवायची नाली) बनवून राहिलो, मॅट कोणती घेऊ, ऑनलाइन एक हिरवी दिसून राहिली एक काळी दिसून राहिली, कोणती चांगली. प्रत्येकाला फोनवर अर्धं-अर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो. मी भंडारा जिल्ह्यात पवनीकडचा, घरी धानाची शेती, आणि शेतीचं काम नसते तेव्हा सोनारांकडची माती विकत आणून धुतो. सोनाराची माती म्हणजे दुकानातला केर, कानशीचा भुसा, हात धुवायच्या टाक्याखालचा गाळ, पॉलिशच्या चाकाचा कापूस, हे सगळं. जुने झारेकरी हेच काम करत आले, आणि आपल्याकडची सोनझारी समाजाची माणसं तर नदीची रेती आणि सराफ्याच्या नाल्या दोन्ही धुवायची, लाकडी काठवटीत, हाताच्या अंदाजाने. त्यांच्या हातात जे आहे ते कोणत्याही मॅटमध्ये नाही, हे आधीच सांगतो.

नदीवर जायच्या आधी एक गोष्ट वाचून घ्या. वैनगंगेच्या काठावर बॉक्स लावून बसायचं डोक्यात असेल तर थांबा. खाण आणि खनिज कायदा १९५७ चा आहे, त्याच्या कलम ४ प्रमाणे परवान्याशिवाय खनिज शोधणं आणि काढणं दोन्ही चालत नाही, सोनं त्यात येते, आणि नदीची रेती उचलायची तर महसूलवाल्यांची परवानगी वेगळी लागते, जंगलाची जमीन असली तर वनखातं वेगळं. म्हणून शिकायचं असेल तर सोनाराची माती विकत घ्या, पावती घ्या, आणि घरच्या अंगणात ड्रमच्या पाण्यावर शिका. खाली जे सांगतो ते नदीच्या रेतीलाही तसंच्या तसं लागू आहे, फक्त परवाना असल्याशिवाय नाही.

आता मॅट काय करते ते समजून घ्या, नाही तं कोणतीही घेतली तरी सोनं जाईलच. स्लूस बॉक्स म्हणजे उतारावर ठेवलेली उघडी नाली, तळाला मॅट, वरून पाणी आणि माती सोडायची. आपल्या बांधीत पाटाचं पाणी येते तेव्हा पाहिलं असेल, धुऱ्याच्या फुटीतून पाणी जोरात पडते आणि लगेच खाली एक छोटा भोवरा होते, त्या भोवऱ्यात जड खडे बसतात आणि गाळ पुढे जाते. मॅटवरच्या प्रत्येक उंचवट्यामागे तसाच बारका भोवरा तयार होते, त्यात हलकं वर उचलून पुढे जाते आणि जड खाली बसते. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, साधी गारगोटीची रेती २.६५ पट, काळी रेती म्हणजे मॅग्नेटाइट ५ पटीच्या थोडं वर. आता पाण्यात बुडाल्यावर प्रत्येकाचं एकेक वजा होते, म्हणजे सोनं १८.३ आणि रेती १.६५, सरळ ११ पट फरक. इतका मोठा फरक असूनही सोनं वाहून जाते, काहून? कारण माप सारखं नसते. रेतीचा जाड दाणा आणि सोन्याचा बारीक कण पाण्यात जवळपास एकाच वेगाने खाली जातात. त्यात कानशीचा भुसा चपटा असते, तो पिंपळाच्या पानासारखा डुलत डुलत खाली येते. म्हणून माझं म्हणणं हेच की मॅट सोन्याच्या कणाच्या मापाने घ्या, दुकानातल्या भावाने किंवा दिसण्याने नाही.

म्हणजे पहिलं काम मॅट घ्यायचं नाहीच. पहिलं काम, तुमच्या मालातलं सोनं किती बारीक आहे ते पाहणं. एक-दोन किलो माती घ्या, लोखंडी कढईत उघड्यावर जाळून घ्या म्हणजे कापूस, लाख, मेण राख होते (वारा येते त्या बाजूला उभे राहा, धूर अंगावर येऊ देऊ नका, तोंडाला मास्क पाहिजेच, आणि प्लास्टिकचे तुकडे आधी वेचून टाका). थंड झाल्यावर खलबत्त्यात हलक्या हाताने फोडा, मग चुंबक प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून वरून फिरवा, लोखंडाचा भुसा आणि तारेचे तुकडे पन्नीला चिकटतात, पन्नी उलटी केली की सुटतात. मग चाळा. आधी २ मिमीची चाळणी, मग १ मिमी, मग घरातली मैद्याची. प्रत्येक भाग वेगळा ठेवून काठवटीत किंवा पॅनमध्ये थोडा थोडा धुवून पाहा की सोनं कोणत्या भागात जास्त दिसून राहिलं. माझ्याकडे सोनाराच्या मातीत जवळपास नेहमीच मैद्याच्या चाळणीखालीच जास्त निघते. नदीच्या सोन्यातही बारीक पापडीसारखे कण असतात. एवढं कळलं की मॅटचा अर्धा प्रश्न सुटला.

आता मॅट.

रेघांची काळी रबर मॅट. बाहेरदेशी याला व्ही-मॅट म्हणतात, आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात स्विचबोर्डसमोर टाकायची रबर शीट भेटते त्यात रेघावाली येते, तीच. रेघा जवळजवळ असल्या, दोन-तीन मिमीवर, तर बारीक सोन्याला चांगली. हिचा सर्वात मोठा फायदा म्हणजे काळ्यावर पिवळं दिसते, काम चालू असतानाच कळते की सोनं कुठं बसून राहिलं. नवीन माणसाने हिच्यापासूनच सुरू करावं असं मला मनापासून वाटते, कारण ही तुम्हाला शिकवते, बाकीच्या मॅट सोनं पोटात लपवून ठेवतात. एक चूक मी तीन-चार जणांकडे पाहिली, शीट रोलमधून कापून आणली तशीच लांबीला टाकली, म्हणजे रेघा पाण्याच्या दिशेने. तशी टाकली तर ती घसरगुंडी झाली, काहीच थांबत नाही. रेघा पाण्याला आडव्याच पाहिजेत.

नूडल मॅट. कारच्या पायाखाली टाकतात ती, शेवयांच्या गुंत्यासारखी. सोनं शोधणारे जिला मायनर्स मॉस म्हणतात ती याच जातीची, विनाइलच्या कड्यांची. बारीक सोनं पकडायला फार चांगली, पण त्यावर पाणी थेट सोडलं तर कडे दबतात आणि वरून माल सरकून जाते, म्हणून हिच्यावर लोखंडी जाळी लागते, वेल्डिंगवाल्याकडे एक्स्पांडेड जाळी भेटते ती, चपटी केलेली नाही, उभ्या धारांची. ती जाळी सुलटी-उलटी असते. तळहात पाण्याच्या दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागली पाहिजे आणि उलटा फिरवला तर धार लागली पाहिजे, म्हणजे पट्ट्या पाणी वाहते त्या बाजूला कललेल्या आणि त्यांच्या मागे भोवरा. नूडल मॅट दोन प्रकारची भेटते, खाली प्लास्टिकचा थर असलेली आणि नसलेली. सोनाराच्या मातीला थर असलेली घ्या, खालून काही निसटत नाही. नदीच्या रेतीला थर नसलेली घेऊन तिच्याखाली रेघांची रबर टाकली तर गाळ आत घट्ट होत नाही आणि जे खाली उतरते ते रबरवर थांबते. खराब गोष्ट एकच, धुवायला वेळ लागते. पाच मिनिटांत झालं असं वाटते आणि मग दुसऱ्या बादलीत पुन्हा चमक दिसते.

साच्यातल्या खाचांच्या मॅट, म्हणजे ड्रीम मॅट, गोल्ड हॉग वगैरे. जाड रबर, त्यात गोल किंवा पायऱ्यांसारख्या खाचा कोरलेल्या, प्रत्येक खाचेत भोवरा फिरते. चांगल्या आहेत, लवकर धुवून होतात, काळ्या रेतीने पटकन जाम होत नाहीत. पण बाहेरून मागवाव्या लागतात आणि महाग पडतात, आणि त्यांना पाणीही जरा जोरात लागते, घरच्या छोट्या पंपावर खाचेतली रेती फिरतच नाही, नुसती भरून बसते. पाणी कमी असेल तर त्यात पैसे घालू नका.

हिरवं प्लास्टिकचं गवत. लोक काहून घेतात ते समजते, स्वस्त आहे, कुठंही भेटते. सोनं पकडतेही. पण बारीक भुसा मुळाशी घुसला की निघत नाही. मी पहिल्या वर्षी हेच वापरलं, आणि मॅट खराब झाल्यावर फाडून मुळाशी पाहिलं तेव्हा कळलं की वर्षभर किती सोनं मी धुवायच्या पाण्यात शोधत होतो आणि ते तिथं होतं.

कापड आणि लोकर. हे जुन्या लोकांचं. काळ्या समुद्राजवळ स्वानेतीत मेंढीच्या कातड्यावर सोनं धरायचे, दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्राबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने ते लिहून ठेवलं, आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कॉर्डरॉय कापड आडव्या रेघांनी टेबलावर अंथरायचे. आपल्याकडची धनगराच्या हातची जाड घोंगडी याच कामाची आहे, केसाळ लोकर बारीक भुसा चांगला धरते. मी बॉक्सच्या अगदी शेवटी वीतभर घोंगडीचा तुकडा टाकतो, वरून जे निसटलं ते तिथं धरायला. रबरच्या ऐवजी नाही, रबरच्या नंतर.

म्हणजे माझी मांडणी अशी, चार फुटांच्या आणि सहा इंच रुंद बॉक्समध्ये वर दोन फूट रेघांची रबर, मग सव्वा फूट नूडल मॅट जाळीसकट, मग उरलेल्यात घोंगडी. तुम्ही वेगळं करा, पण वर काळं रबर ठेवाच, डोळ्यांना दिसलं पाहिजे.

बसवताना नीट ऐका, कारण माझं सर्वात जास्त नुकसान इथंच झालं. मॅट बॉक्सच्या तळापेक्षा दोन मिमी रुंद कापायची, दाबून बसली पाहिजे. बाजूला किंवा खाली जरा जरी फट राहिली तर पाणी मॅटच्या खालून धावते आणि त्या पाण्याबरोबर सगळ्यात बारीक, म्हणजे सगळ्यात जास्त मेहनतीचं सोनं जाते, वरून मॅट एकदम छान काम करून राहिली असं दिसते. एका सोनाराची चांगली माती होती, मी दिवसभर धुतली, संध्याकाळी निघालं काहीच नाही, आणि बॉक्सच्या खालच्या तोंडाशी वाहून गेलेला माल धरायला टब असते, त्यातला गाळ परत काठवटीत धुतला तेव्हा त्यात सगळं होतं. मॅट उचलून पाहिली तर खाली बोटभर रुंद ओली वाट. तेव्हापासून दोन जोडांमध्ये वरची मॅट खालच्यावर थोडी चढवतो, छपराच्या कवेलूसारखी, आणि कडेला लाकडी पट्टी ठोकतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ अंशाच्या उन्हात रबर वाकडी होते, ती तशीच बसवू नका, अर्धा तास उन्हात सपाट फरशीवर ठेवून वर विटा ठेवा, सरळ होते.

उतार. सुरुवातीला १ फुटाला १ इंच धरा, म्हणजे चार फुटांच्या बॉक्सचं वरचं तोंड खालच्यापेक्षा चार इंच उंच. फार बारीक मालाला मी पाऊण इंचावर आणतो. डावी-उजवी बाजू मात्र एकदम लेव्हल पाहिजे, मोबाइलमध्ये लेव्हलचं अॅप असते त्याने पाहा, एका बाजूला जरा झुकलं की पाणी तिकडंच धावते आणि अर्धी मॅट कोरडी राहते. पाणी किती? माझ्या सहा इंची बॉक्सला १५ लिटरची बादली बारा-पंधरा सेकंदांत भरेल इतकं पाणी सोडतो, मॅटवर अर्धा-पाऊण इंच पाण्याचा थर राहते. पंप मोठा असला तर पाइपला कॉक लावा, जास्त पाणी म्हणजे जास्त काम असं नाही. आणि पाणी थेट मॅटवर आदळू देऊ नका, तोंडाशी वीतभर सपाट, बिनमॅटची पाटी ठेवा, तिथं माती मोकळी होते मग मॅटवर येते.

पाण्यात भांडी धुवायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका. सोनाराच्या मातीत तेल असते, तेलकट भुसा पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगते, पिवळी साय दिसते वर, ती सरळ बाहेर जाते. थेंब टाकला की साय बुडते. चिकण माती असेल तर आधी बादलीत रात्रभर भिजवा आणि हाताने किंवा काठीने पूर्ण विरघळवा, कारण मातीची गोळी मॅटवरून लोळत जाते आणि जाताना बसलेलं सोनं चिकटवून नेते.

खऱ्या मालाआधी एक परीक्षा घ्या, यात टाळाटाळ करू नका. ढिवर लोकांच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या असतात, एक-दोन मागून आणा, हातोडीने पापड करा, कात्रीने राईच्या दाण्याएवढे आणि त्याच्या अर्ध्याएवढे २० तुकडे कापा, त्यावर लाल नेलपॉलिश लावा. शिसं ११.३ पट जड, सोन्यापेक्षा बरंच हलकं. म्हणजे तेवढ्याच मापाचं आणि आकाराचं शिसं तुमच्या बॉक्सने धरलं तर सोनं नक्की धरेल. साध्या चाळलेल्या रेतीत तुकडे मिसळा, बॉक्सवरून सोडा, मग मोजा किती सापडले आणि कुठं सापडले. वीसपैकी वीस पाहिजेत, आणि वरच्या दोन फुटांत पाहिजेत. अठरा सापडले तर उतार थोडा कमी करा, परत करा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, शिसं पोटात जाऊ देऊ नका, आणि ते तुकडे लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

आता माल सोडायचा. एका वेळी एकाच चाळणीचा भाग, जाड वेगळा बारीक वेगळा, मिसळायचा नाही. मूठ-मूठ सोडा, सारख्या वेगाने, घमेलं उलटं करू नका. डोळा मॅटच्या खाचेवर ठेवा. खाचेतली रेती भात शिजताना तांदूळ हलतात तशी हलत राहिली पाहिजे, जागेवरच, वर-खाली. रेती स्थिर झाली, घट्ट दिसली, तर भोवरा मेला, पाणी थोडं वाढवा किंवा उतार. आणि खाच एकदम रिकामी, चकचकीत दिसली तर पाणी जास्त आहे, सोनंही धुतलं जाऊन राहिलं. या दोन्हींच्या मध्ये हात बसायला दोन-तीन दिवस लागतात, घाई करू नका. सोनं वरच्या एक-दोन वितांत दिसलं तर सगळं ठीक. रबरच्या शेवटाला पिवळं दिसायला लागलं की लगेच थांबा, एक तर पाणी जास्त आहे नाही तं मॅट भरली.

मॅट काढताना माल सोडणं थांबवा, एक मिनिट साधं पाणी चालू द्या, मग पंप एकदम बंद न करता कॉक हळू फिरवा, झटका बसला की बसलेलं हलते. बॉक्सखाली दुसरा रिकामा टब ठेवा, मॅट वरच्या टोकापासून गुंडाळत टबात उतरवा, मागची बाजूही धुवा, बॉक्सचा तळही धुवा. नूडल मॅट दोन बादल्यांत, तिसऱ्या बादलीत चमक दिसली नाही तर झाली. घोंगडी आपटायची नाही, पाण्यात बुडवून हाताने दाबायची.

या दुसऱ्या टबात जे उरते त्यात काळी रेती, लोखंड, पितळ, तांबं, चांदीचा भुसा आणि सोनं. वाळवून परत चुंबक फिरवा, मग काठवटीत थोडं थोडं धुवा, आधी जोरात हलवून जड खाली बसवा, मग कडेकडेने हलकं सोडा, बाई सुपात धान पाखडते तो हात आठवा. पितळेचा भुसा नवीन माणसाला फसवते, भंडाऱ्यात तर पितळेच्या भांड्यांचं काम जुनं, तो भुसा मातीत येतेच. स्टीलच्या चमच्यावर ठेवून तापवा, पितळ काळं पडते, शुद्ध सोनं पिवळं राहते (तांबं मिसळलेलं सोनंही थोडं काळवंडते). नदीच्या रेतीतला अभ्रक सुईने दाबला की तुटते आणि सावलीत चमकत नाही, सोनं सावलीतही पिवळंच दिसते आणि सुईने फक्त दबते.

इथं कोणी तरी येऊन सांगेल, थोडा पारा टाक, सगळं गोळा होते. टाकू नका. पारा सोनं धरते हे खरं आहे, पण नंतर तो गोळा तापवावा लागते आणि ती वाफ दिसत नाही, वास येत नाही, छातीत जाते, मेंदू-किडनीवर जाते, घरातल्या लहान लेकरांना सर्वात जास्त. पाऱ्याबद्दल मिनामाता करार २०१३ चा आहे, भारताने तो २०१८ ला मान्य केला, सोन्याच्या छोट्या कामांतून पारा कमी करणं हा त्यातला मोठा मुद्दा आहे. नायट्रिक अॅसिडही घरी नको. धुतलेला माल वाळवा, टाकणखार घालून सोनाराकडूनच तुमच्या समोर आटवून घ्या, वजन दोन वेळा करा, आधी आणि नंतर.

वाहून गेलेला माल फेकू नका. मी प्रत्येक दिवसाच्या शेवटी खालच्या तोंडाशी ठेवलेल्या टबातल्या गाळातून दोन मुठी काठवटीत धुवून पाहतो, आणि गाळ पोत्यात भरून वर चिठ्ठी ठेवतो, तारीख, कोणती मॅट, किती उतार. मॅट रेघा बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळतो, सावलीत सुकवतो, उन्हात नाही. मागच्या आठवड्यात नवीन जाळी आणली आणि दोन वर्षांपूर्वीची तीन पोती परत सोडली, त्यातल्या एका पोत्यात, ज्यावर हिरवं गवत लिहिलं होतं, त्यात अजून सोनं होतं.